एकवीस नंबरचं पान

तेलीबांधा, रायपूर
८ सप्टेंबर, सोमवार

गंधाली,

'प्रिय' लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू म्हटलं असतं, झालं सासूचं नाटक सुरू. माझा नंबर तू ब्लॉक केला हे अभिनवनं सांगतलं. चांगलं केलं. पण पोस्टमनले कोणी ब्लॉक करू शकत नाही, म्हणून हे पत्र सरळ तुझ्या जगदलपूरच्या ब्रँचवर टाकून राहिली. घरचा पत्ता तू मले दिला नाही आणि मीही मागत नाही.

तू रोज संध्याकाळी अभिनवच्या फोनवर विहंगशी बोलते, तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम जोरात वाजवते. तुले असं नको वाटायले की म्हातारी कान लावून बसली आहे. बसलेलीच असते, पण ते वेगळं.

कामाचं सांगते. रीना, म्हणजे जिच्याकडे आपण पोट्ट्याले थेरपीले नेतो ती शंकर नगरची मुलगी, तिनं मले मागच्या शुक्रवारी बाजूले घेतलं. म्हणे, "आंटी, आप तो घर में दादी हो और स्कूल में उसकी टीचर भी. रोज आधा घंटा उसको क्लास में देखो. जो दिखा वही लिखो, टाइम डालके. अच्छा, बुरा, शांत, ज़िद्दी, ये सब मत लिखो. सिर्फ क्या किया, क्या बोला."

बापा! एकतीस वर्षं झाली मले बालवाडीत. हिचंच नाक पुसलं असेल मी कधी. आणि ही मले शिकवून राहिली की लेकराकडे कसं पाहायचं! पण मुकाट्यानं हो म्हटलं आणि साडीच्या कमरेले कागदाचे तुकडे खोचून वर्गात गेली. आजचे तुकडे तुझ्यासाठी उतरवून देते. तुझं लेकरू आहे, तुले हक्क आहे.

९.५०. विहंगनं चपलांच्या रांगेतून एक चप्पल उचलली. "ये पीहू की है, इधर क्यों है?" दुसऱ्या चपलेजवळ नेऊन ठेवली.

१०.०५. कात्री अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरली. कागदाची पट्टी सरळ कापत नेली. शेवटी फाटली. "अरे यार" म्हणाला.

१०.२०. गोल बसल्यावर गोष्ट सांगतली. बुलडोझर चिखलात फसतो, मग हत्ती येतो आणि बुलडोझरले सॉरी म्हणतो. हत्तीनं काहून सॉरी म्हटलं, असं मी विचारलं. "क्योंकि उसने ही कीचड़ किया था." एकूण नऊ वाक्यं.

'अरे यार' कोणाकडून शिकला ते लिहिलं नाही. तुले माहीत आहे, तुझाच नवरा आहे.

नऊ वाक्यं, गंधाली. मी बोटांवर मोजली. आता तू विचारशील की मग त्या जुलैच्या कागदावर... ते राहू दे सध्या. तब्येत सांभाळ. तिकडचं पाणी उकळून पी.

आई


१२ सप्टेंबर, शुक्रवार

गंधाली,

तुझी चिठ्ठी मिळाली. बँकेच्या स्लिपच्या मागं एक ओळ: 'विहंगचं वजन किती आहे?' ना नमस्कार, ना सही. तुझं ते नाशिकचं टापटीप अक्षर नसतं तर मले वाटलं असतं की बँकेतून कोणती चौकशी आली.

शाळेतल्या काट्यावर उभा केला. पंधरा किलो दोनशे. तू गेली तेव्हा पंधरा सातशे होता. लपवणार होती मी. भेंडी, वरणभात, सगळं समोर ठेवते, तो दोन घास खातो आणि म्हणतो, "हो गया." मी मागं पळते, चिडते, मग तो तोंड गच्च मिटून घेतो. घे, विचारलं नं, सांगतलं.

आजचे तुकडे.

९.४५. यशदीप ठोकळे घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता. विहंगनं हाक मारली, "यशदीप." तो वळला नाही. परत हाक मारली. वळला नाही.

९.४७. विहंग उठला, भिंत आणि यशदीप यांच्या मधल्या जागेत जाऊन बसला. काही बोलला नाही. हातात लाल ठोकळा धरून ठेवला.

९.५०. यशदीपनं वर पाहिलं. विहंगनं ठोकळा दिला. यशदीपनं घेतला आणि वर ठेवला. विहंगनं दुसरा धरला.

९.५८. अकरा ठोकळ्यांचा मनोरा. पडला. दोघंही हसले.

तीन मिनिटं तो ठोकळा धरून बसला, गंधाली. चार वर्षांचा पोट्टा! मोठ्या माणसाले एवढा दम निघत नाही. मले तर कधीच निघाला नाही. मी दारातून दोन हाका मारते, पोर वळलं तर वळलं, नाही तर आयाले म्हणते, जा ब्वा, उचलून आण. यशदीपले हाक ऐकू येऊनही कळत नाही, समोर जाऊन बसावं लागतं, हे माझ्याआधी या पोट्ट्याले समजलं.

तू त्या जुलैच्या कागदावरून अजून माझ्यावर धुमसत आहे, हे मले कळते. पण सगळं माझ्या माथी नको मारू. तुझा बदलीचा कागद आला तेव्हा मी चुपचाप होती. विहंगले सोबत नेते म्हटलं, तिथली बालवाडी फोनवरून पक्की केली, तरीही मी चुपचाप होती. मग पालकसभेत अभिनवच्या हाती ते प्रगतीपान पडलं. 'नावानं हाक मारल्यास प्रतिसाद देत नाही. एकटा खेळतो. वाक्यं बोलत नाही.' तो घाबरला. बाप आहे, घाबरणारच. डॉक्टरांकडे नेलं तर पोट्टा पूर्ण वेळ तुझ्या मांडीत तोंड खुपसून बसला. ते म्हणाले, टीचरने लिखा है तो ध्यान देना पड़ेगा, तीन महीने थेरपी करके देखते हैं. जगदलपूरले तुझ्या ब्रँचजवळ तशी सोय नाही, म्हणून तो इथं राहिला. नोव्हेंबरात रीनाचा रिपोर्ट येईल, तेव्हा ठरेल की तो तुझ्याकडे येतो की इथंच राहतो. याच्यात मी कोणाले काय म्हटलं, सांग बरं?

वजनाचं पाहते.

आई


१६ सप्टेंबर, मंगळवार

गंधाली,

विहंग बरा आहे. सोमवारी वर्गात विशेष काही झालं नाही, म्हणून तुकडे नाहीत. आज डब्यातली पोळी अर्धी खाल्ली. अभिनवले सर्दी झाली आहे, नवा रायपूरच्या त्या ऑफिसात एसी फार थंड ठेवतात म्हणे.

घाईत आहे.

आई


१९ सप्टेंबर, शुक्रवार

गंधाली,

मंगळवारी मी खोटं लिहिलं. सोमवारी तुकडा लिहिला होता. रीनाले दिला नाही, तुले पाठवला नाही. चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरून राहिली. हा घे.

१०.३०. विहंग, पीहू आणि यशदीप घर-घर खेळत होते. पीहू म्हणाली, "तेरी मम्मी कहाँ है?" विहंग म्हणाला, "बैंक में. जगदलपुर." पीहू म्हणाली, "तेरे को क्यों नहीं ले गई?" विहंग बाहुलीच्या अंगावर रुमाल घालत होता. म्हणाला, "वो तो ले जा रही थी. मेरी बैग भी भर दी थी. आजी ने मेरे को रख लिया."

१०.३१. पीहूनं विचारलं, "क्यों?" विहंगनं खांदे उडवले. रुमाल सारखा केला.

रडला नाही. चिडला नाही. पाऊस पडला, गाडी आली, तसं सांगतलं त्यानं. आणि मी हातात पेन घेऊन तिथं लहान खुर्चीवर बसलेली. रीनाचा नियम, जे बोललं ते लिहायचं. लिहिलं मी. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आता नीट सांगते. तू बसून वाच.

जुलैची प्रगतीपानं भरायची होती. बावीस लेकरं. नियम असा की रोज थोडं थोडं पाहून लिहायचं. लिहिते कोण? आम्ही सगळ्या महिन्याच्या शेवटी एका दुपारी चहा ठेवून बसतो आणि आठवेल तसं भरून टाकतो. त्यात माझी एक खोड. ऑफिसची नावांची यादी उशिरा येते, म्हणून मी पानं आधी लिहून ठेवते आणि नावं मागून टाकते. एकतीस वर्षं तसंच केलं, कधी चुकली नाही. निदान मले तसं वाटत होतं. यादीत एकवीस नंबर विहंग, बावीस नंबर यशदीप. शेवटची दोन पानं. त्या दिवशी पाच वाजून गेले होते, आया झाडू घेऊन डोक्यावर उभी होती. मी एकवीसचं नाव बावीसच्या पानावर टाकलं आणि बावीसचं एकवीसच्या.

ते पान यशदीपचं होतं, गंधाली. 'हाक मारल्यास प्रतिसाद देत नाही', हे यशदीपचं. तुझ्या पोराच्या पानावर मी लिहिलं होतं, 'सर्वांत मिसळतो, गोष्ट रचून सांगतो, दुसऱ्याची काळजी घेतो.' ते गेलं यशदीपच्या घरी.

चूक झाली, इथवर तू मले माफही करशील. पुढचं ऐक.

मले हे त्याच दिवशी कळलं. पालकसभेतच. यशदीपची मम्मी माझ्याकडे आली, पान छातीशी धरलेलं. "मैडम, आपने लिखा है सबमें घुलता-मिलता है, कहानी सुनाता है! घर में तो... मुझे लगता था..." आणि रडायले लागली. आनंदानं. मी पान पाहिलं, ते विहंगचं होतं. तिकडं खिडकीपाशी अभिनव दुसरं पान वाचत होता, चेहरा पांढरा. दोन पावलं टाकायची होती मले. म्हणायचं होतं, अरे थांबा, अदलाबदल झाली, द्या इकडं.

नाही टाकली. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी पाहून जीभ उचलली नाही, असं मी स्वतःले सांगतलं. उद्या सांगू, घरी सांगू. घरी आली तर अभिनव तुले म्हणून राहिला होता, "अशा हालतीत त्याला तिथं कसं नेशील?" आणि मी हातपाय धुवायले गेली. खूप वेळ धूत बसली.

तू तर मले सरळ विचारलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी, दारात. विहंगची भरलेली बॅग तू परत रिकामी करून राहिली होती. म्हणाली, "आई, तुम्ही त्याला रोज बघता. मला तो असा कधीच दिसला नाही. खरंच असा आहे का तो?" सगळ्या दुनियेत तू एका माझ्यावर विश्वास ठेवायले तयार होती त्या वेळी. आणि मी काय म्हटलं? "लिहिलं आहे नं."

खोटं बोलली असती तरी बरं होतं. हे त्याच्याहून वाईट.

काहून केलं ते आता घुमवून सांगत नाही. मले तो पाहिजे होता. बस. तुझे सासरे गेले त्याले सहा वर्षं झाली. त्यानंतर हे पोट्टं झालं आणि मले परत दिवस उजाडल्यासारखं वाटायले लागलं. सकाळी माझ्या स्कूटीवर पुढं उभा राहतो, शाळेत माझ्याच वर्गात, दुपारी माझ्याच कुशीत. तू नेणार म्हटल्यावर माझ्या मनात आलं, हिले काय, जवान आहे, नोकरी आहे, सुट्टीत येईल. मी आई असून दुसऱ्या आईबद्दल असा विचार केला. लाज वाटते लिहितानाही.

आणि आता पाच आठवडे झाले. तो अर्धा किलो उतरला. वर्गात बोलतो, पण घरी माझ्याशी कमी बोलून राहिला. ज्या पानावरून त्याले ठेवलं ते पान मी माझ्याच हातानं खरं करून राहिली. दोन दिवसांपूर्वी मी दारातून हाक मारली, "विहंग, चल बाळा." तो वळला नाही. त्याले ऐकू आलं होतं. मी त्याच्या समोर जाऊन बसली नाही, तशी हिंमतच झाली नाही.

हे पत्र टाकायले मन धजत नाही. पण लिहिलं.

आई


२४ सप्टेंबर, बुधवार

गंधाली,

शुक्रवारचं पत्र टाकलं नव्हतं. आज दोन्ही एकाच पाकिटात स्पीड पोस्टनं पाठवते. आधी ते वाच, मग हे.

शनिवारी सकाळी चहा घेताना अभिनवले सगळं सांगतलं. त्यानं कप खाली ठेवला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. म्हणाला, "आई, गंधालीनं तुले दारात विचारलं होतं नं? मी मागंच उभा होतो." मी हो म्हटलं. मग तो बाहेर निघून गेला आणि दुपारी आला. अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याले स्वतःचाही राग आहे. बायकोवर नाही, कागदावर विश्वास ठेवला म्हणून. तो काल रात्रीच तुले फोन लावत होता, मी हात धरला. म्हटलं, हे माझ्या तोंडानं, माझ्या हातानं जाऊ दे. शुक्रवारपर्यंत पत्र पोचेल. तो म्हणाला, "शुक्रवार संध्याकाळ. त्याच्यापुढं मी एक मिनिट थांबणार नाही." म्हणजे तो आज-उद्या तुझ्याशी बोलताना गप्प गप्प वाटला तर घाबरू नको, पोट्टा ठीक आहे.

सोमवारी रीनाले सगळे तुकडे दिले. तो एक तुकडाही. तिनं वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आंटी, मुझे दूसरे हफ्ते से ही समझ नहीं आ रहा था कि ये बच्चा मेरे पास क्यों आ रहा है." डॉक्टरांना तिनं स्वतः फोन करून सांगतलं. थेरपी बंद. आठवड्यातल्या त्या तीन वेळा आता यशदीपले मिळतील.

यशदीपच्या घरी मी स्वतः गेली. पुरानी बस्तीत, दोन खोल्या. त्याच्या मम्मीनं मले खुर्ची दिली, स्वतः खाली बसली. मी सांगतलं. तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "मुझे पता था मैडम. माँ हूँ, दिखता है. पर आपने लिख दिया था, तो मैंने सोचा मैं ही गलत देख रही हूँ." गंधाली, ती मले दोन थापडा मारती तर मी हलकी झाली असती. दोन महिने गेले त्या लेकराचे. मी तिले म्हटलं, त्याच्या समोर जाऊन बसायचं, घाई नाही करायची, तो पाहतो. हे माझं नाही, विहंगनं शिकवलं, असंही सांगतलं.

शाळेतही लिहून दिलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, चुपचाप पान बदल दो न मैडम, बात क्यों बढ़ाना. मी म्हटलं, नाही, सही करून द्यायचं आहे. दिलं. दसऱ्यानंतर माझा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे जाईल, मी ऑफिसात बसीन. ते बरोबरच आहे. तू त्याचं वाईट वाटून घेऊ नको, आणि वाटणार असेल तर वाटून घे, तुझी मर्जी.

काल विहंगच्या समोर जाऊन खाली बसली. गुडघे कुरकुरले. त्यानं गाडी फिरवणं थांबवेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हटलं, "विहंग, तुले मम्मी नेत होती. मी नेऊ दिलं नाही. मी चुकली. आता मी तुले मम्मीकडे नेऊन देते." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कल?" मी म्हटलं, रविवारी. "रविवार कितना दूर है?" मी बोटं दाखवली. तो उठला, त्याची निळी बॅग ओढत आणली आणि माझ्यासमोर ठेवली. आणि मग, ऐक, जेवायले बसला आणि स्वतःहून दुसरी पोळी मागितली.

हे वाचून तू शनिवारीच धावत येते म्हणशील. ये, तुझा हक्क आहे, मी दार अडवणार नाही. अभिनवही म्हणून राहिला की मी सोडून येतो. पण मले एवढं करू दे. ज्या हातानं ठेवून घेतलं त्याच हातानं आणून देते. अभिनव पुढच्या आठवड्यात सुट्टी घेऊन येईल. पुढं कसं राहायचं, बदलीसाठी अर्ज त्यानं करायचा की तू, ते तुम्ही दोघं ठरवा. मी त्याच्यात एक शब्द बोलणार नाही. बोलली तर फोन ठेवून देजो.

रविवारी सकाळी सातच्या बसनं निघतो. दुपारी तीनपर्यंत जगदलपूरच्या बस स्टँडवर पोचू. तू नाही आली तर धर्मशाळेत राहू आणि सोमवारी दहा वाजता तुझ्या बँकेत येऊन लाईनीत उभे राहू, मग तू जाणे आणि तुझा मॅनेजर जाणे. घाटात त्याले उलटी होते, म्हणून सकाळी फक्त मुरमुरे देईन, उतरल्यावर त्याले खूप भूक लागलेली असेल. काही करून आण.

मी घरी येणार नाही. तू म्हटलं तरी नाही, या वेळी तरी. साडेचारची परतीची बस आहे, म्हणजे तुझ्याकडे दीड तास असेल. त्या दीड तासात तुले मले जे बोलायचं आहे ते सगळं बोल. आजूबाजूले लोक आहेत म्हणून थांबू नको, सासू आहे म्हणून तर मुळीच नको. मी मान खाली घालून ऐकीन, मधे तोंड उघडणार नाही, आणि हे माझ्यासाठी किती कठीण आहे ते तुले ठाऊक आहे.

फक्त आधी त्याले उचलून घे.

आई